वारुळाभोवतीचा ओटा

गावाचं नाव मी लिहिणार नाही, माणसांची नावंही बदललीत. कोयनानगरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे, एवढं पुरे. डाव्या अंगाला की उजव्या, घाटाच्या अलीकडं की पलीकडं, हे मला गाठून विचारलंत तरी सांगणार नाही. जागा कळली की माणसं काय करतात ते मी बघितलंय, आणि तेच सांगायला बसलेय.

पण आधी शरयू मेहेंदळे.

ही बाई मला पहिल्यांदा दिसली ती तहसील कचेरीसमोर. आमचा धरणग्रस्तांचा ठिय्या चालला होता. मी माइकवर घसा फोडतेय आणि समोर बसलेल्या बाया बघतायत माझ्या पाठीमागं. वळून बघते तर एक चष्मेवाली बाई, खांद्याला झोळी, आमच्या मांडवाच्या कुजक्या खांबाला भिंग लावून उकिडवी बसलेली. माझं डोकंच सटकलं.

"ओ बाई, साध्या वेशातल्या पोलीस का तुम्ही?"

"अं? नाही हो. हे बघा ना, कोण आलंय इथं!"

खांबाच्या बुडाला नखाएवढ्या केशरी जिभा फुटल्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

"त्यात काय बघायचं? कुत्र्याची छत्री ती."

बाई उठल्या. गुडघ्याची माती झटकली. "समोर बसलेल्या सगळ्यांना मी नुसतं 'पब्लिक' म्हटलं तर चालेल तुम्हाला? प्रत्येकाला नाव आहे म्हणूनच भांडताय ना?"

बाया फिदीफिदी हसल्या. माझ्या ठिय्यात येऊन मलाच सुनावणारी ही पहिलीच. राग आला, आणि बाई आवडली पण. दोन्ही एकदमच झालं.

शरयूताई मूळच्या वाईच्या. वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि बुरशीच्या नादाला लागल्या. बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे, प्राणीही नव्हे, तिचं गोत्रच वेगळं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पण कॉलेजात बुरशीचा वेगळा विभाग कुठला असायला? तेव्हा वनस्पतीवाल्यांच्या पडवीत आश्रित म्हणून राहायचं. नोकरी तासावर. पोरं त्यांना 'बुरशीबाई' म्हणायची. एकदा फळ्यावर कुणीतरी भलीमोठी छत्री काढून खाली 'मॅडम' लिहिलं. ह्यांनी खडू घेतला, छत्रीच्या दांड्याला मधोमध कडं काढलं, बुडाला पिशवी काढली आणि म्हणाल्या, "आता बरोबर झालं. अशी दिसली तर खाऊ नका, मराल."

लग्न केलं नाही. भाऊ अनीश पुण्याला, तो सारखा म्हणायचा, ये इकडं, क्लास काढू. ह्या पाटणला भाड्याच्या दोन खोल्यांत. एका खोलीत राहायचं, दुसरीत अळंब्या वाळवायच्या. पापड वाळवायच्या पेटीत बल्ब लावलेला. त्या खोलीत ओल्या पिठाचा, कुजक्या लाकडाचा आणि कधीकधी मेलेल्या उंदराचा वास एकाच वेळी यायचा. मी जाईन तेव्हा दारातच पदर नाकाला. त्यांना पत्ता नसायचा.

कशासाठी एवढं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सह्याद्रीत जेवढ्या अळंब्या उगवतात त्यातल्या कितीतरींना शास्त्रात नावच नाही. नाव नाही म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे रस्ता करताना, खाण काढताना, झाड तोडताना कुणाला विचारायचं कारण नाही. नसलेल्या गोष्टीचं नुकसान कसं होणार?

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कागदावर नाव नसलेल्या माणसांतच माझं आयुष्य गेलंय. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वाडीवस्तीवर शब्द टाकायला लागले. बनुबाईकडं त्यांना नेलं ते असंच.

बनुबाई सत्तरीच्या पुढची. लेक फौजेत, घरी सून पूजा. ही पूजा सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यातली. तिनं असली रानातली भाजी कधी बघितलेली नव्हती. म्हातारी अळंबी घेऊन आली की सून चुलीपासनं लांब सरायची. "मी न्हाई हात लावायची. इख असलं म्हंजी?" ह्यावरनं घरात रोजचं महाभारत. मला बनुबाई म्हणाली, "क्रांते, तुज्या त्या आळमीवाल्या बाईला आण की गं. माज्या सुनंला येकदा त्येंच्या तोंडनं कळू दे."

आता ह्या भागातली रीत सांगते. वारुळावरच्या अळंबीची जागा सांगत नाहीत. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. सासू सुनेला दाखवते, तेही सून घरात मुरल्यावर. पोटच्या लेकीला दाखवत नाहीत, कारण लेक ती जागा दुसऱ्याच्या घरात घेऊन जाते. आणि वारुळाला लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, विळा नाही, पायातली चप्पलसुद्धा लांब काढायची, कारण तिला खिळे असतात.

बनुबाईनं अळंबी दाखवली आणि शरयूताईंचे डोळेच विस्फारले. टोपीच्या मधोमध चोचीसारखं टोक, आणि त्या टोकाला निळसर झाक. उलटी करून वास घेतला, चिरून बघितली, टोपी कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली. दुसऱ्या दिवशी कागदावर गुलाबी भुकटी पडलेली. पूजाला म्हणाल्या, "खा बिनधास्त. पडलेली भुकटी हिरवी असती तर मी तुमच्या बाजूनं भांडले असते." पूजानं नाक मुरडलं, पण त्या दिवशी कालवण तिनं केलं.

शरयूताईंना जागा बघायची होती. त्यांचं म्हणणं, वारुळाच्या पोटात वाळवी ह्या बुरशीची शेती करते, आणि अळंबीला खाली मुळासारखी लांब शेपटी असते ती त्या शेतीपर्यंत जाते. शेपटी अख्खी मिळाली नाही तर जात ठरवता येत नाही. बनुबाई लय दिवस नाही म्हणाली. शेवटी एका शनिवारी म्हणाली, "चल. पर दोन गोष्टी. जागा कुनाला सांगायची न्हाई. आन हातानं काढायची."

शरयूताईंनी हातानं काढली. वारुळाची माती वाळली की सिमेंटला मागं सारते. बोटांनी आणि बांबूच्या कामटीनं सकाळपासून दुपार कलेपर्यंत उकरत होत्या. नखांतनं रक्त. बनुबाई बाजूला बसून पान लावत होती. मधेच म्हणाली, "माज्या सासूनं मला येकदाच दावली. मी अशी रडले न्हवते."

"मी रडत नाहीये आजी, घाम आहे."

"व्हय का? मंग डोळ्यांतनं कसा गं येतुया घाम?"

शेपटी निघाली. काळी, पोकळ, हातभर लांब. बुडाशी वाळवीच्या शेतीचा तुकडा चिकटलेला, भिजल्या खाकऱ्यासारखा.

पुढं दोन वर्षं ती बाई त्या शेपटीच्या मागं होती. ब्लेडनं कागदासारखे पातळ काप काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजायचे, चित्रं काढायची, जगभरच्या वारुळी अळंब्यांची वर्णनं काढून ताडून बघायची. ही ती नव्हे, ती ही नव्हे. तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून डीएनए काढून आणलं. शेवटी मला फोन. "क्रांतीताई, ही कुणीच नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे नवीन आहे."

लेख लिहिताना पहिली लढाई जागेवरनं झाली. शास्त्राचा रिवाज असा की नमुना कुठून आणला ते नोंदवलंच पाहिजे. जागा नसलेला नमुना हा नमुनाच नव्हे. शरयूताईंनी हट्ट धरला. छापील लेखात फक्त तालुका येईल, नेमकी जागा संग्रहालयात नमुन्याच्या पाकिटात बंद राहील. ते मान्य झालं. शब्द पाळला त्यांनी, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आणि मग नाव ठेवायची वेळ आली. नवीन अळंबीला लॅटिन नाव लागतं. शरयूताईंनी त्या नावात बनुबाईला बसवलं. मान म्हणून. दुसरं काय देणार होत्या?

वाईत, पुण्यात, परदेशात माणसाचं नाव हे नुसतं नाव असतं. आमच्याकडं माणसाचं नाव म्हणजेच त्याचं रान, त्याचा बांध, त्याचं आंब्याचं झाड. तालुका लिहिला आणि बनुबाई लिहिलं, म्हणजे उरलं काय? कॉलेजनं पेपरात बातमी दिली. संध्याकाळपर्यंत सरपंच शंभूराज बनुबाईच्या दारात.

शंभूराजला मी खलनायक करणार नाही. करायला आवडलं असतं. पोरगं तिशीतलं, गावाचा अभिमान असलेलं, आणि आजवर गावाचं नाव पेपरात यायचं ते भूकंपाच्या हादऱ्याबरोबरच. ह्यानं फ्लेक्स लावला. 'आमच्या मातीतली अळंबी जगाच्या नकाशावर.' बनुबाईचा फोटो, त्याहून मोठा स्वतःचा. शाळेच्या पटांगणात सत्कार. म्हातारीच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. तिला काय चाललंय कळत होतं. शरयूताईंना स्टेजवर बोलावलं तेव्हा ती त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "हिनं माजं नाव चावडीला टांगलं गं."

रान बनुबाईचं, तेव्हा वारूळ शोधायला किती वेळ लागतो? पोरांनी रील काढले. शुगरवर चालते, गाठीवर चालते, अशी आवई उठली. लोणंदपासून गाड्या आल्या. महाबळेश्वरचे टॅक्सीवाले येताजाता पर्यटकांना सांगायला लागले. शंभूराजला वाटलं, वारूळ तुडवलं जाईल, त्याचं रक्षण केलं पाहिजे. खरंच वाटलं त्याला. म्हणून त्यानं सुशोभीकरण काढलं. वारुळाभोवती गोल ओटा, वर लाद्या, लोखंडी कठडा, आणि माहितीचा लाकडी फलक.

बनुबाई आडवी पडली. शब्दशः पडली, वारुळापुढं. मी गेले, ग्रामपंचायतीत टेबल आपटलं. शंभूराज हात जोडून म्हणाला, "ताई, आवं आजीचंच नाव हुतंय की! रानाला हात न्हाई लावत, नुसता ओटा बांधतोय. फुडं नागपंचमीला बाया बसतील सावलीला." बनुबाईच्या लेकाची फौजेतून फोनवर संमती घेतली होती. लेकाला रीत काय माहीत! लेकाला सांगतच नाहीत ना.

आणि ओट्याचा पाया भरताना कंत्राटदारानं, जे तो प्रत्येक पायाखाली करतो, ते केलं. वाळवीचं औषध मारलं. फलक लाकडी होता ना, वाळवी लागली असती.

मला हे कळलं तेव्हा मी हसले. देवाशपथ हसले. हसता हसता शंभूराजची कॉलर धरली. शरयूताईंनी माझा हात सोडवला. ओट्याच्या लादीवर हात ठेवून बसल्या, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी तहसिलीत ओट्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. पुढच्या पावसात वारुळावर काही आलं नाही. दिवसाला एक फेरी मारायच्या शरयूताई. शेवाळ आलं, गवत आलं. अळंबी नाही.

त्यातच दुसरा घाव. ह्याच विषयातल्या परदेशातल्या एका जाणत्या माणसानं शंका काढली. एकाच जागी, एकाच हंगामात मिळालेला नमुना. ही नवी जात नसून आधीच्याच एका जातीचं वेगळं रूप असेल. खुलासा करायचा तर दुसऱ्या हंगामातला ताजा नमुना पाहिजे, शेपटीसकट, अभ्यासकानं वारूळ स्वतः पाहून काढलेला, जागेच्या नोंदीसह. तो नसेल तर नाव जुन्या जातीत विलीन करावं, असं तो मांडणार होता. हंगाम सरेपर्यंत उत्तर हवं.

दोन वर्षांची नखं, डोळे, पापडाची पेटी, सगळं त्या एका नावावर उभं. कॉलेजातल्या कायम जागेची मुलाखतही तोंडावर आलेली, आणि दाखवायला हे एकच काम. शरयूताई घरात गप्प बसायला लागल्या. मला ते बघवेना. मी त्यांना ओढत बनुबाईकडं नेलं.

म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही. पूजानं पाणी दिलं.

मीच विचारलं, "मावशी, दुसरं वारूळ हाय का तसलं?"

"हाय की."

"मग दाखव. ह्यांचं सगळं बुडायला लागलंय."

"आन माजं तरंगतंय व्हय?" तिनं खडा उचलून अंगणात भिरकावला. "येकदा दावलं. आता माजा जीव गेला तरी न्हाई दावायची."

"आजी, मी कुणाला सांगितलं नव्हतं," शरयूताई म्हणाल्या.

"तू न्हाईस गं सांगितलं. तुज्या कागदानं सांगितलं. तुज्या कागदाला तोंड हाय हे मला कुटं ठावं हुतं?"

आम्ही उठलो.

श्रावण अर्धा सरला असेल. दुपारची मी शरयूताईंकडं बसले होते. मी आणलेलं थालीपीठ त्या नुसतं चिवडत होत्या. दार वाजलं. बनुबाई. एसटीनं आलेली, डोक्यावर पाटी, वर पळसाची पानं.

पाटी खाली ठेवून पानं बाजूला केली. अळंब्या. निळसर चोची, आणि काळ्या शेपट्या अख्ख्या, एकही तुटलेली नाही.

"पूजानं काढल्या," म्हातारी म्हणाली. "माजी बोटं आता चालत न्हाईत. लय शिव्या घातल्या तिनं मला, पर काढल्या. हुईल का तुजं काम ह्येच्यावर?"

शरयूताईंनी एक उचलली. शेपटीच्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठून आणल्या?"

"रानातनं."

"आजी, कुठलं रान? मी तिथं यायला हवं. वारूळ मी बघायला हवं. तसं लिहावं लागतं मला."

"ते न्हाई."

"कुणालाही सांगणार नाही. तुमचं नावसुद्धा नाही लिहिणार."

"न्हाई म्हंजी न्हाई, पोरी." आवाज चढला नव्हता तिचा. "तू जुनीच जागा लिही की. माजं पयलंच वारूळ. कोन येतंय बघाया?"

मी टाळी वाजवली. "बरोबर आहे! लिहा शरयूताई. जुनीच जागा, ह्या वर्षीची अळंबी. कुणाच्या बापाला कळत नाही. साहेबलोक आयुष्यभर खोटी कागदं रंगवतात आणि बंगले बांधतात, तुम्ही एक ओळ खोटी लिहा."

अळंबी थांबत नसते. दुपारी ताठ असते, संध्याकाळी पाणी सुटतं, अळ्या धरतात. वाळवायची तर तेव्हाच पेटीत ठेवायला हवी होती. शरयूताईंनी पेटीचा बल्ब लावला. कागदाचं पाकीट घेतलं, पेन घेतलं, आणि पाकिटावर वाकल्या. मला वाटलं लिहितायत.

"क्रांतीताई," त्या म्हणाल्या, "त्या वारुळावर यंदा उगवलं असं मी लिहिलं, तर शंभूराजच्या ओट्यानं काहीच बिघडलं नाही, असं होईल. तुम्ही तक्रार केलीय ना? तो माझाच कागद पुढं करेल. औषध मारलं तरी उगवतं, बाईंनीच लिहिलंय. मग प्रत्येक वाडीत एकेक ओटा."

तक्रार माझीच होती. सही माझीच होती.

"मग खरं लिहा. जागा ठाऊक नाही म्हणा."

"ते चालत नाही. त्या परदेशातल्यानं आधीच बजावलंय."

"मग?"

पेटीचा बल्ब त्यांनी बंद केला. आतून विळी आणली. पाटीतली एक अळंबी घेतली आणि शेपटी कापून बाजूला टाकली. ती शेपटी पडताना मी बघितली. दोन वर्षं ज्या शेपटीसाठी ही बाई जगली ती.

"अगं, चिरतीस व्हय?" बनुबाई दचकली. "तुज्या कामासाटी आणल्या मी."

"माहितीय आजी. वाया जातील पण."

म्हातारी पदर खोचून पुढं सरकली. "सरक. तुला न्हाई येत. ह्ये साल असं काडायचं." कांदा, लसूण, तिखट, वरून खोबरं. त्या खोलीतला मेल्या उंदराचा वास पहिल्यांदाच दबला. आम्ही तिघी जेवलो. शरयूताईंनी दोन घास खाल्ले आणि ताटावरनं उठून मोरीपाशी गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. बनुबाईनं मला डोळ्यांनी दटावलं, जाऊ नको.

परत आल्यावर म्हातारीनं विचारलं, "आता माजं नाव काडून टाकनार का त्ये?"

"काढत नाहीत. दुसऱ्या नावाच्या पोटात, बारीक अक्षरात ठेवतात."

"बरंय. बारीकच बरं."

उत्तर त्यांनी त्याच आठवड्यात पाठवलं. दुसरा नमुना उपलब्ध नाही, मूळ वारूळ बांधकामामुळं नष्ट झालं. एवढंच. नाव विलीन झालं. मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला मिळाली. माझ्या तक्रारीवर अजून सुनावणी नाही. ओट्यावर नागपंचमीला बाया बसल्या होत्या, सावलीला.

शरयूताई पाटणलाच आहेत. अजून तासावर शिकवतात, अजून कुजक्या खांबांपुढं उकिडव्या बसतात. फक्त आता कुणी म्हातारी आपणहून म्हणाली, चल, तुला जागा दावते, तर म्हणतात, नको आजी. मला राग येतो. कशाला मग हे शास्त्र, असं मी तोंडावर विचारलंय. त्या भांडल्या नाहीत, आणि हे मला जास्त लागलं.

कालवण खाल्लं त्या दिवशी बनुबाईला एसटीत बसवायला आम्ही दोघी गेलो होतो. गाडी लागली. म्हातारी पायरीवर एक पाय ठेवून थांबली. कंडक्टर ओरडतोय, मागची माणसं ढकलतायत, ही आपली थांबलेली.

"फुडल्या साली आणीन."

"आणा आजी," शरयूताई म्हणाल्या. "खायला आणा."

"खायाच आनतात गं आळमी," असं म्हणून ती चढली. आतनं कुणाला तरी जागा दे म्हणून वसकली. गाडी सुटली. शरयूताई स्टँडवरच उभ्या राहिल्या. मी हाताला धरून चला म्हटलं, तेव्हा चालायला लागल्या.